अपघातानंतर हॉस्पिटलचं बिल: आधी पोलिसांचा कागद, मग पैशाची बोलणी

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सहा दिवसांपूर्वी उंब्रजजवळ सर्व्हिस रोडवरून एक ट्रक एकदम हायवेला आला आणि तुमची कार त्याच्यावर आदळली. गाडी मिस्टर चालवत होते. वय ३४, स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मांडीचं हाड मोडलं, रॉड बसवला, मनगटाचं ऑपरेशन अजून व्हायचंय. कराडच्या खासगी हॉस्पिटलने एकूण सव्वाचार लाखांचा अंदाज दिलाय आणि तुम्ही दागिने ठेवून दीड लाख भरलेत. तीन लाखांचा मेडिक्लेम आहे, पण कंपनीने पोलिसांचे कागद मागितले म्हणून कॅशलेस अडकलंय. ट्रकमालक म्हणतो, लाख रुपये रोख घ्या, केस करू नका, स्टॅम्पवर लिहून द्या. घरातली मोठी माणसं म्हणतात, घेऊन मोकळे व्हा. आणि तुमचा प्रश्न असा, की चूक ट्रकची आहे तर त्याच्या इन्शुरन्सने हे बिल भरायला नको का?

भरायला हवं, पण ते आज भरणार नाहीत. ट्रकचा थर्ड पार्टी विमा हॉस्पिटलला पैसे देत नाही. तो जखमीला नुकसानभरपाई देतो, आणि तीही न्यायाधिकरणाने, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाने, ठरवल्यावर किंवा तडजोड झाल्यावर. दावा लढवला गेला तर त्यात काही वर्षं जातात. हॉस्पिटलचा काउंटर मात्र उद्या सकाळी पैसे मागणार. म्हणून तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत: आजचं बिल कुठून भागवायचं, आणि पुढचा हक्क आज बुडू कसा द्यायचा नाही. दोन्ही कामांना एकच कागद लागतो, पोलिसांकडची नोंद. ट्रकमालक लाख रुपयांत नेमका तोच कागद विकत मागतोय.

म्हणून सुरुवात पैशापासून नको. आज हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जाऊन विचारा, ॲडमिट करताना एमएलसी नोंदवली का आणि तिचा नंबर काय. अपघाताचा रुग्ण आला की हॉस्पिटलने पोलिसांना कळवायचं असतं, आणि ती नोंद म्हणजेच एमएलसी. केसपेपरच्या पहिल्या पानावर 'हिस्टरी' म्हणून दोन-तीन ओळी असतात, त्या स्वतः वाचा. तिथे आरटीए, म्हणजे रस्ता अपघात, असं लिहिलेलं हवं. तारीख, अंदाजे वेळ, ठिकाण आणि समोर ट्रक होता हेही हवं. गडबडीत कुणी नातेवाईक 'गाडीवरून पडले' किंवा 'घरी घसरले' असं सांगतो, कधी पोलिसांची कटकट नको म्हणून मुद्दाम सांगतो. ती एक ओळ पुढे विमा कंपनीचा वकील कोर्टात मोठ्याने वाचून दाखवतो. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर केसपेपरवर खाडाखोड करायला लावू नका. ज्यांनी माहिती सांगितली त्यांनी दुरुस्तीचा लेखी अर्ज हॉस्पिटलला द्यायचा आणि पोहोच घ्यायची.

मग पोलीस ठाणे. सहा दिवस झाले म्हणून गुन्हा दाखल होणार नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. जखमीचा जीव वाचवण्यात दिवस गेले, हे कारण फिर्यादीत स्पष्ट लिहा. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून अपघाताचा खरा दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. फिर्याद मिस्टरांनी बेडवरून जबाब देऊन दिली तरी चालते, गाडीत सोबत कोणी असेल तर त्यांनी दिली तरी चालते. भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि १२५ (त्यातून दुसऱ्याला दुखापत) लागतील. घेतच नसतील तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा.

फिर्यादीत अंदाजाने काही सांगू नका. 'ट्रक भरधाव होता' हे ठोकळेबाज वाक्य तुमच्या बाबतीत उलटं पडेल, कारण ट्रक आडवा आला आणि धडक तुमच्या कारची बसली. कंपनी म्हणणार, कारच वेगात होती. न्यायाधिकरणाने कारचालकाची चूक तीस टक्के धरली तर सगळी भरपाई तीस टक्क्यांनी कमी होते. म्हणून ट्रक कुठून आला, इंडिकेटर होता का, थांबला का, ब्रेकच्या खुणा कुठे पडल्या, हे जसं घडलं तसं सांगा. घटनास्थळ पंचनाम्यात सर्व्हिस रोडचं तोंड आणि गाड्यांची जागा नोंदली गेली का ते बघा. कारची आरटीओ तपासणी आणि फोटो होईपर्यंत ती गॅरेजवाल्याच्या हवाली करू नका.

आता आजचं बिल.

मेडिक्लेम आधी सोडवा. अपघाताला सुरुवातीच्या तीस दिवसांची अट लागत नाही, त्यामुळे पॉलिसी नवी असली तरी फरक पडत नाही. कंपनीने कागद मागितलेत म्हणजे क्लेम नाकारलेला नाही. एमएलसीची प्रत आणि एफआयआर मिळाला की हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्ककडून त्याच दिवशी अपलोड करून घ्या. पूर्ण कागद गेल्यावर कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. टाळाटाळ झाली तर डेस्कवर याच शब्दांत विचारा. कॅशलेस नाहीच झालं तर खर्च करून नंतर क्लेम करता येतो, पण कंपनीला कळवल्याचा मेसेज किंवा ईमेल आजच्या तारखेचा हवा.

खोलीचं भाडं मात्र आजच बघा, कारण इथे नकळत पैसे जातात. तीन लाखांच्या पॉलिसीत रोजच्या भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे तीन हजार असू शकते. तुम्ही पाच हजारांच्या खोलीत असाल तर कापले जातात ते रोजचे दोन हजारच नाहीत. नर्सिंग, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर या सगळ्याला तीन भागिले पाच हे प्रमाण लागतं. हे खर्च दीड लाख झाले तर नव्वद हजारच मंजूर होतील. औषधं, तपासण्या आणि रॉड-प्लेटना हे प्रमाण लागत नाही. दुसरं ऑपरेशन बाकी आहे, तेव्हा पॉलिसीत ही अट असेल तर आजच साध्या खोलीत जा.

सरकारी योजनांचं सगळं हॉस्पिटलवर अवलंबून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचा रंग आडवा येत नाही, पण कार्ड ऑनलाइन हवं आणि त्यावर मिस्टरांचं नाव हवं. हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि ते ऑपरेशन योजनेच्या यादीत असलं पाहिजे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. तो नसेल तर १५५३८८ वर फोन करून हॉस्पिटलचं नाव सांगा. केंद्राची रस्ता अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस योजना मे २०२५ पासून आहे: प्रत्येक जखमीला दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवसांच्या उपचारांसाठी. तुमचा आज सहावा दिवस आहे, म्हणून हे उद्यावर टाकू नका. ॲडमिट होतानाच नोंद झाली नसेल तर मागाहून बसवणं अवघड जातं, पण विचारायला काही लागत नाही. पहिल्या रॉडचे पैसे गेले असले तरी मनगटाचं ऑपरेशन योजनेत बसतंय का, हे डॉक्टरांना थेट विचारा. प्रकृती परवानगी देत असेल तर ते कराडचं उपजिल्हा रुग्णालय, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय इथेही करता येईल. हलवायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पैशाच्या धास्तीने तुम्ही ठरवू नका.

हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का हेही बघा. दिसायला पूर्ण खासगी वाटणारी बरीच हॉस्पिटलं ट्रस्टची असतात. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी एक लाख ऐंशी हजार, दुर्बल घटकांसाठी तीन लाख साठ हजार. वर्कशॉपमधून महिना अठरा हजार सुटतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वर्षाला दोन लाख सोळा हजार. तुम्ही दुसऱ्या गटात बसता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवकाला भेटा, अर्ज लेखी द्या, आणि डिस्चार्जच्या आधी द्या. बिल भरून झाल्यावर ही सवलत मागायला गेलात तर हाती काही लागत नाही.

इथे एक कळकळीची सूचना. मुख्यमंत्री सहाय्यता निधीची मर्यादा एक लाख साठ हजार आहे. 'दाखला कमी उत्पन्नाचा काढून देतो, तिथूनही पैसे मिळतील' असं सांगणारे भेटतील. तो दाखला काढू नका. न्यायाधिकरणात तुम्ही महिना अठरा हजार सांगणार आणि कंपनीचा वकील तहसीलदारांच्या सहीचा वर्षाला ऐंशी हजारांचा दाखला पुढे ठेवणार. चाळीस-पन्नास हजारांच्या मदतीसाठी काही लाखांचा दावा खाली येतो. सगळीकडे एकच उत्पन्न सांगा, खरं असेल ते.

ट्रकमालकाच्या लाखाकडे येऊ. माणूस मदत म्हणून पैसे देत असेल तर घ्यायला हरकत नाही. बँकेतून घ्या, आणि पावतीवर लिहा: 'उपचारासाठी मदत म्हणून मिळाले, भरपाईचा दावा करण्याचा हक्क राखून.' पाचशेच्या स्टॅम्पवर 'चूक कोणाचीच नाही, तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही' अशी सही मात्र करू नका. मिस्टरांना सही करायला लावतील, ते औषधांच्या गुंगीत असतील, म्हणून शेजारी कुणीतरी जाणतं माणूस बसवा.

हा लाख किती अपुरा आहे हे आकड्यांतच बघा. धरा की मिस्टरांच्या काम करण्याच्या ताकदीत कायमची पंधरा टक्के घट आली. वार्षिक उत्पन्न २,१६,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगार करणाऱ्याला भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के धरतात, म्हणजे ३,०२,४००. वय ३१ ते ३५ ला गुणक १६, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाची सोळा पट, ४८,३८,४००. त्याचे पंधरा टक्के ७,२५,७६०. याशिवाय उपचाराचा खर्च, बुडालेले महिने, सोबत्याचा खर्च, सकस आहार, येणंजाणं, वेदना आणि पुढचं रॉड काढायचं ऑपरेशन. घट किती धरली जाईल हे आज कुणीच सांगू शकत नाही, हाड नीट जुळलं तर ती नगण्यही असेल, आणि तसंच होवो. पण हाड जुळायच्या आत सौदा करणं म्हणजे नुकसान मोजायच्या आधीच किंमत लावणं.

ट्रकचा विमा चालू आहे का, हे गाडीच्या नंबरवरून परिवहन विभागाच्या वेबसाइटवर दिसतं. आजच बघा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. विमा नसेल तर सगळी जबाबदारी मालकावर येते आणि वसुली फार कठीण होते. त्या परिस्थितीत मालकाशी बोलणी करण्याबाबत माझं मत वेगळं असेल.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. अपघात आणि तुमचं घर दोन्ही सातारा जिल्ह्यात, म्हणजे सातारा किंवा कराड. मोटार वाहन कायद्यात झालेला बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि त्यानुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. ती तारीख कॅलेंडरवर लिहा, पण तिची वाट बघू नका. भरपाईवरचं व्याज साधारणपणे अर्ज दाखल झाल्यापासून मिळतं. दागिन्यांवरच्या कर्जाचं व्याज मात्र आत्ताच सुरू झालंय.

ट्रकची विमा कंपनी कदाचित मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख देऊ करेल. गंभीर दुखापतीला चूक कोणाची हे न बघता ठरलेली ती रक्कम आहे. ती स्वीकारली तर कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून करायचा, मोठा दावा संपतो. मिस्टर पूर्ण बरे झाले आणि चूक कोणाची हा वाद अवघड दिसला तर अडीच लाख वाईट नाहीत. घट कायमची दिसत असेल तर घेऊ नका. डॉक्टर 'आता यापुढे सुधारणा नाही' म्हणेपर्यंत हा निर्णय लांबवा.

आता कागदांचं, कारण उपचाराच्या खर्चात सर्वांत जास्त कापाकापी इथे होते. मेडिकलचं बिल हातात घेऊन बघा: रुग्णाचं नाव पूर्ण आहे का, डॉक्टरांचं नाव, तारीख, बिल नंबर आणि औषधांचा बॅच नंबर आहे का. 'कॅश' नावाने फाडलेलं बिल कोर्टात टिकत नाही. प्रत्येक बिलाला त्या दिवसाची चिठ्ठी जोडा. रॉड आणि प्लेटच्या पाकिटावरचे स्टिकर केसपेपरला लावलेत का ते विचारा. काउंटरवरच्या गुळगुळीत थर्मल कागदाच्या पावत्या सात-आठ महिन्यांत पांढऱ्या पडतात, आजच झेरॉक्स काढा आणि मूळ पावतीवर चिकटपट्टी लावू नका, तिने अक्षरं आणखी लवकर उडतात. डिपॉझिटच्या पावत्या आणि अंतिम बिल यांची बेरीज एकत्र करू नका, कारण अंतिम बिलात डिपॉझिट वळतं झालेलं असतं, आणि दुबार मागणी दिसली की बाकीच्या खऱ्या बिलांवरही संशय येतो. इस्टिमेट म्हणजे खर्च झाल्याचा पुरावा नव्हे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, खासगी केली असेल तर गाडी नंबर लिहिलेली पावती घ्या. फेरतपासणीला जीप केली तर तिचीही. घरी सांभाळायला माणूस ठेवलात तर दर महिन्याला सही घेऊन पैसे द्या.

मेडिक्लेमच्या क्लेमसाठी मूळ बिलं द्यावी लागली तर हॉस्पिटलकडून शिक्क्याच्या प्रती आधी घ्या, आणि कंपनीने किती मंजूर केलं, किती कापलं याचं पत्र जपून ठेवा. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २८ मार्च २०२५ रोजी दिलाय. पॉलिसीचे हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा ट्रकच्या विमा कंपनीला मिळणार नाही. सरकारी योजनेतून झालेला किंवा ट्रस्टने माफ केलेला खर्च मात्र मागता येत नाही, कारण तो तुम्ही केलेलाच नसतो.

उत्पन्नासाठी उद्यम नोंदणी, मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स असतील तर ती, बँकेचं स्टेटमेंट, लोखंड खरेदीची बिलं आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी जमवा. अपंगत्वाचा दाखला घाईने काढू नका. आणि काढाल तेव्हा डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा. वेल्डिंग करणारा दिवसभर उकिडवा बसतो, शिडीवर चढून शेड उभी करतो, गर्डर उचलतो. दाखल्यात 'डाव्या पायाला तीस टक्के' एवढंच असेल तर कोर्टाला पायाचं कळतं, धंद्याचं कळत नाही. उकिडवं बसता येतं का, मनगटाची पकड किती राहिली, हे लिहून घ्या. तो डॉक्टर पुढे साक्षीला येईल का, हेही तेव्हाच विचारा.

हॉस्पिटलच्या आवारात 'क्लेम करून देतो, तीस टक्के द्या' म्हणणारे एजंट येतील. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. वकील स्वतः जाऊन निवडा, कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा चेकवर सही करू नका. भरपाई तुमच्याच बँक खात्यात जमा होते, ते पासबुक दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

तुमच्यासारखीच अडचण असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडली नाही तर गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात, त्याचा अर्ज वेगळा असतो. आणि चूक स्वतःच्याच चालकाची असेल तर चालकाला कोणाकडे दावा उरत नाही. गाडीच्या पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, हॉस्पिटलच्या बिलासाठी नाही.

डिस्चार्जच्या दिवशी घाई होते, गाडी बाहेर उभी असते, पेशंट कंटाळलेला असतो. तरी काउंटर सोडण्याआधी इतकं हातात आहे का बघा: बाबवार अंतिम बिल, पैसे भरल्याची पावती, डिस्चार्ज कार्ड (त्यावर रस्ता अपघात आणि एमएलसी नंबर), ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रे आणि त्यांचे रिपोर्ट, किती महिने काम करता येणार नाही याचा दाखला, आणि रॉड काढायला अंदाजे किती खर्च येईल याचं डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं पत्र. केसपेपरच्या साक्षांकित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा.